घर भाड्याने घेण्याआधी भिंतीतली तार बघा: ऑस्ट्रेलियातल्या सबर्बमध्ये केबल की फोनची लाइन?

पुण्या-ठाण्यात एकाच सोसायटीत जिओ, एअरटेल आणि गल्लीतला केबलवाला असे तिघेही आपापली तार ओढून बसलेले असतात. एकाचं नेट रडायला लागलं की दुसऱ्याला फोन करायचा. ऑस्ट्रेलियात बहुतेक सबर्बमध्ये ही सोय नाही. रस्त्यावरून घरात येणारी तार एकच असते आणि ती एनबीएन या सरकारी मालकीच्या कंपनीची असते. टेल्स्ट्रा, ऑप्टस, टीपीजी, ऑसी ब्रॉडबँड वगैरे कंपन्या तीच तार वापरून सेवा विकतात. तार रडकी असेल तर कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही. त्यामुळे इंटरनेटची खरी निवड प्लॅन घेताना होत नाही, ती घर बघतानाच होऊन जाते.

जुने रहिवासी अजूनही 'केबल घ्या, एडीएसएल (म्हणजे फोनच्या तारेवरचं जुनं इंटरनेट) नको' असा सल्ला देतात. शहरी भागात एडीएसएल आता जवळजवळ संपलं आहे. एखाद्या भागात एनबीएन सुरू झालं की साधारण १८ महिन्यांनी तिथली जुनी सेवा बंद होत गेली. पण सल्ला अगदीच शिळा झालेला नाही, कारण त्याच दोन तारा नवी नावं घेऊन आजही घराघरांत आहेत.

जुन्या तारा, नवी नावं

१९९०च्या दशकाच्या मध्यावर टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी टीव्हीसाठी जाड काळी कोॲक्स केबल टाकायला सुरुवात केली. दोघांची चढाओढ अशी की सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेनच्या कितीतरी रस्त्यांवर दोघांच्या केबल शेजारी शेजारी लटकल्या, आणि पलीकडच्या सबर्बमध्ये एकाचीही नाही. पुढे याच केबलवरून इंटरनेट मिळू लागलं. टेल्स्ट्राची केबल एनबीएनने घेतली. तिचं आजचं नाव एचएफसी आणि तिच्या टापूत साधारण २५ लाख घरं येतात.

दुसरी तार म्हणजे फोनची तांब्याची जोडी. टेल्स्ट्राने २००० साली तिच्यावर एडीएसएल आणलं, नंतर एडीएसएल-२ प्लस आलं. कागदावर कमाल वेग २४ एमबीपीएस. प्रत्यक्षात टेलिफोन एक्स्चेंजपासून तारेची लांबी एक किलोमीटर असेल तर २० च्या आसपास, तीन किलोमीटर असेल तर सातआठ, आणि त्यापुढे नशीब. एनबीएनने या तांब्याचा एक्स्चेंजकडचा भाग काढून तिथे फायबर घातलं आणि घराकडचा तुकडा तसाच ठेवला. फायबर रस्त्यावरच्या कपाटापर्यंत आली असेल तर ते एफटीटीएन. घरासमोरच्या पिटपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या तारांच्या खड्ड्यापर्यंत, आली असेल तर एफटीटीसी. अपार्टमेंटच्या तळघरापर्यंत आली असेल तर एफटीटीबी. थेट घरात आली तर एफटीटीपी, आणि मग प्रश्नच मिटला.

केबलचं दुखणं शेजारी, तांब्याचं दुखणं अंतर. एडीएसएलच्या काळात हे खरं होतं आणि आजही आहे. एचएफसीवर एका टप्प्यातली, म्हणजे केबलच्या एका तुकड्यावरची, अनेक घरं एकाच केबलची क्षमता वाटून घेतात, त्यामुळे तो टप्पा भरलेला असेल तर संध्याकाळी वेग उतरतो. तांब्याची जोडी तुमच्या एकट्याची असते, पण प्रत्येक मीटरला सिग्नल विरत जातो आणि तो कुठल्याही प्लॅनने परत येत नाही.

आधी पत्ता तपासा

एनबीएनच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की त्या घराचं तंत्रज्ञान दिसतं. घरांच्या जाहिरातीत ही माहिती क्वचितच असते, आणि एजंटला विचारलं तर 'यस, एनबीएन कनेक्टेड' एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तरात एफटीटीएनही बसतं आणि एफटीटीपीही, म्हणून त्यावर विसंबू नका. पत्ता टाकताना युनिट नंबर अचूक द्या. एकाच प्लॉटवर पुढे जुनं घर आणि मागे नवं युनिट असेल तर दोघांची तार वेगळी असू शकते. पत्त्यासमोर 'फायबर अपग्रेडला पात्र' अशा अर्थाचा मजकूर दिसला तर तो टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मेलबर्नच्या पश्चिमेकडल्या टार्नीट-ट्रुगनिनासारख्या नव्या वस्त्यांमध्ये बहुतांशी सुरुवातीपासूनच फायबर आहे. काही इस्टेटमध्ये मात्र एनबीएनऐवजी ऑप्टिकॉमसारख्या खाजगी कंपनीचं जाळं असतं. तिथे एनबीएनच्या साइटवर पत्ता सापडत नाही किंवा दुसऱ्याचं जाळं असल्याचं कळतं. घाबरायचं कारण नाही, तेही फायबरच. फक्त सेवा विकणाऱ्या कंपन्यांची यादी वेगळी आणि बरेचदा आखूड असते.

इन्स्पेक्शनच्या पंधरा मिनिटांत काय बघायचं

साइटवर एचएफसी लिहिलं असलं तरी घरात प्रत्यक्ष काय आहे ते बघून घ्या. हॉलच्या भिंतीवर आट्यांचं, मध्ये बारीक छिद्र असलेलं गोल सॉकेट आणि त्याजवळ एनबीएनचा उभा पांढरा बॉक्स असेल तर जोडणी तयार आहे. शेजारी टीव्ही अँटेनाचं सॉकेटही असतं आणि नव्या घरांत तेही आट्यांचंच असू शकतं, दोन्हींत गल्लत होते. खात्री करायची तर बाहेर जा: खांबावरून किंवा जमिनीतून आलेली काळी केबल भिंतीवरच्या छोट्या डबीत शिरताना दिसते, आणि अँटेनाची तार छपरावरून येते.

खांबावर केबल दिसली म्हणजे ती चालू आहे असं मात्र नाही. एनबीएनने २०१६ साली ऑप्टसची बहुतेक केबल न वापरायचं ठरवलं आणि त्या भागांत एफटीटीसी आणलं. त्यामुळे भिंतीवर ऑप्टसची जुनी डबी, आत सॉकेट, खांबावर केबल असं सगळं साग्रसंगीत असूनही ती तार मेलेली असते. शब्द एनबीएनच्या साइटचा अंतिम मानायचा, डबीचा नाही.

फोनचं सॉकेट आणि त्याला जोडलेला छोटा एनबीएन बॉक्स म्हणजे एफटीटीसी. नुसतंच फोनचं सॉकेट असेल तर बहुधा एफटीटीएन किंवा एफटीटीबी. एफटीटीएनच्या घरी एक काम जास्त करा: गाडीकडे परत जाताना रस्त्यावर एनबीएनचं कपाट कुठे आहे ते शोधा. साधारण छातीएवढं उंच, पदपथाच्या कडेला, जवळ गेलं की आतल्या पंख्याचा आवाज येतो. तार रस्त्यांनी वळसे घेत येते, त्यामुळे नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बरीच लांब भरते. सरळ रेषेत ३०० मीटर वाटलं तर तार ४००-५०० मीटर धरा.

तारेची लांबी ३०० मीटरच्या आत असेल तर १०० एमबीपीएसच्या आसपास मिळण्याची आशा धरता येते. ५००-६०० मीटरला साधारण ५० ते ७०. किलोमीटरच्या जवळ गेलात तर २५-३०. हे तांबं निरोगी असेल तरच. जुन्या सबर्बमध्ये पिटमधले जोड गंजलेले असतात, पावसाचं पाणी शिरतं आणि पाऊस पडला की लाइन तुटायला लागते. घरात आधीचे भाडेकरू असतील तर त्यांना एकच प्रश्न विचारा: पावसात नेट जातं का?

एफटीटीपीचा बॉक्स नव्या घरांत बहुतेक वेळा गॅरेजमध्ये किंवा कपाटात असतो. त्यात गैर काही नाही, पण गॅरेजमधून वरच्या मजल्यावरच्या बेडरूमपर्यंत वाय-फाय पोचत नाही. गॅरेजपासून हॉलपर्यंत भिंतीतून इथरनेट केबल टाकलेली आहे का, ते बघा. हॉलच्या भिंतीवर डेटाचं चौकोनी सॉकेट असेल तर बहुतेक टाकलेली असते.

एकाच भाड्याची दोन घरं समोर असतील तर

क्रम सरळ आहे: एफटीटीपी, मग एचएफसी, मग एफटीटीसी, मग एफटीटीबी आणि शेवटी एफटीटीएन. एफटीटीसी आणि एफटीटीबीमध्ये फार किस काढू नका, दोन्हींत तांबं थोडंच असतं.

१४ सप्टेंबर २०२५ पासून एचएफसी आणि तांबं यांतली दरी आणखी रुंदावली. त्या दिवसापासून एफटीटीपी आणि एचएफसीच्या घरांत जुना १००/२० चा प्लॅन ५००/५० झाला, २५०/२५ चा ७५०/५० झाला. पहिला आकडा डाउनलोडचा, दुसरा अपलोडचा. तांब्याच्या घरांत १०० चा प्लॅन १०० चाच राहिला. म्हणजे एकाच वर्गाच्या प्लॅनवर शेजारच्या गल्लीतल्या केबलवाल्या घराला पाचपट वेग मिळतो. लीजवर सही करायच्या आधी या एका फरकाचा विचार जरूर करा, विशेषतः घरातले दोघंही घरून काम करणार असतील तर.

एचएफसीला कमी लेखणारे लोक बहुधा २०१७ मधल्या गोष्टी सांगतात. तेव्हा सेवा इतकी तुटक होती की एनबीएनने नोव्हेंबर २०१७ मध्ये नवीन एचएफसी जोडण्या काही महिने थांबवल्या होत्या. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या, टप्पे लहान केले गेले. आज नीट जोडलेली एचएफसी लाइन मध्यम अंतरावरच्या एफटीटीएनपेक्षा बिनदिक्कत चांगली.

भारतातून आलेल्यांना इथे खटकतो तो अपलोडचा आकडा. तिकडे १०० च्या फायबर प्लॅनला अपलोडही १०० असतो, इथे २० किंवा ५०. व्हिडिओ कॉलला तीनचार एमबीपीएस पुरतात, तेव्हा २० मध्ये तीन कॉल आरामात चालतात. मोठ्या फाइल रोज वर चढवायच्या असतील, व्हिडिओ एडिटिंगचं काम असेल तर मात्र अपलोड बघूनच प्लॅन घ्या. एफटीटीएनवर अपलोडही तारेच्या लांबीनुसार घटतो. दूरच्या घरात तो पाचसहावर येतो, आणि तेवढ्यात एकाचा कॉल चालू असताना दुसऱ्याच्या फोनने फोटो बॅकअपला घेतले की कॉल अडखळायला लागतो.

प्लॅन घेताना

चार माणसांच्या घरात एक टीव्ही, दोन कॉल, मुलांचे व्हिडिओ असा वापर असेल तर ५०/२० पुरतो. फोरके चित्रपटाला २५ एमबीपीएस धरले तरी बाकीच्यांना उरतं. एफटीटीएनवर लाइनच ४५ देत असेल तर १०० चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सेवा सुरू झाल्यावर कंपनी तुमच्या लाइनचा कमाल वेग सांगू शकते. तो ईमेलवर मागून घ्या आणि प्लॅनपेक्षा कमी निघाला तर खालच्या प्लॅनवर टाकायला किंवा दंडाशिवाय सोडायला सांगा. अशी मुभा देणं कंपन्यांना टाळता येत नाही.

जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला दर साधारण पहिल्या सहा महिन्यांचा असतो. बाराही महिन्यांची बेरीज करून मगच तुलना करा. 'टिपिकल ईव्हिनिंग स्पीड' हा आकडा संध्याकाळी ७ ते ११ या गर्दीच्या वेळेचा असतो, प्लॅनच्या नावापेक्षा तोच महत्त्वाचा. पुण्यातल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना तर फारच: भारतात दुपारचे चार वाजलेले असतात तेव्हा मेलबर्नला हिवाळ्यात साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे तुमची मीटिंग नेमकी सगळ्या सबर्बच्या टीव्हीच्या वेळेला.

सहा महिन्यांत सहज सोडता येईल असा महिन्याच्या बोलीचा प्लॅन घ्या. मॉडेम 'फुकट' असेल तर लवकर सोडल्यास त्याचे पैसे किती, ते कागदावर वाचा. घरी कॅमेरे लावून ते बाहेरून बघायचे असतील किंवा ऑफिसचं व्हीपीएन हट्टी असेल तर कंपनी सीजीनॅट (एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याची पद्धत) वापरते का ते विचारा. वापरत असेल तर त्यातून बाहेर काढून द्यायला सांगता येतं, काही कंपन्या त्याचे थोडे पैसे घेतात.

जुना लँडलाइन नंबर ठेवायचा असेल तर आधी नव्या कंपनीला तो पोर्ट करायला सांगा आणि तो आल्यावरच जुनं खातं बंद करा. उलट केलं तर नंबर जातो. वीज गेल्यावर हा फोन चालत नाही, हेही घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवा.

राउटर कोणता

एचएफसी, एफटीटीसी आणि एफटीटीपी या तिन्हींत एनबीएनचा बॉक्स इथरनेट बाहेर देतो, त्यामुळे 'वॅन' पोर्ट असलेला कुठलाही वाय-फाय राउटर चालतो. भारतातून आणलेला साधा राउटरसुद्धा चालतो, फक्त पिन बदलावी लागते. एफटीटीएन आणि एफटीटीबीला मात्र व्हीडीएसएल-२ (तिथल्या तांब्याच्या तारेवर चालणारं तंत्र) मॉडेमच लागतो. एडीएसएलच्या काळातला मॉडेम कुणी मित्रप्रेमाने देत असेल तर त्यावर व्हीडीएसएल लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो तिथे निव्वळ शोभेचा. स्वतःचा राउटर वापरताना कंपनीला विचारा की जोडणी आयपीओई आहे की पीपीपीओई. पहिल्यात नुसती केबल खोचली की झालं, दुसऱ्यात युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागतो.

एचएफसीची जोडणी आणि तिथे काय बिघडतं

भिंतीतलं सॉकेट आणि बॉक्स दोन्ही असतील तर स्वतः जोडता येतं. सॉकेट नसेल तर एनबीएनचा तंत्रज्ञ येतो. रस्त्यावरून केबल ओढायची असेल तर अपॉइंटमेंटला दोनतीन आठवडेही लागू शकतात, तेव्हा घराची चावी मिळायच्या आधीच ऑर्डर टाका.

कोॲक्स केबल सॉकेटला आणि बॉक्सला लावताना मधली तार वाकलेली नाही ना ते बघा. हाताने पूर्ण घट्ट करा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने जेमतेम एक अष्टमांश वळण द्या, त्याहून जास्त नको. हा जोड सैल राहिला तर बाहेरचा गोंगाट केबलमध्ये शिरतो आणि तुमचा अपलोड तर बिघडतोच, वर त्याच टप्प्यातल्या शेजाऱ्यांनाही त्रास होतो. मग वीज द्या आणि थांबा. पॉवर, डाउनस्ट्रीम, अपस्ट्रीम आणि ऑनलाइन हे चारही दिवे क्रमाने स्थिर हिरवे व्हायला १०-१५ मिनिटं लागू शकतात, नव्या बॉक्सला जास्तही. अधीर होऊन मध्येच बंद-चालू केलं तर पुन्हा पहिल्यापासून.

डाउनस्ट्रीमचा दिवा लुकलुकत राहिला तर केबलमध्ये सिग्नलच येत नाही: चुकीचं सॉकेट, तुटलेली केबल, किंवा बाहेरच जोडलेलं नाही. डाउनस्ट्रीम स्थिर आणि अपस्ट्रीम लुकलुकतोय, तर संशय स्प्लिटरवर. घरात फॉक्सटेल या पैसे भरून घ्यायच्या टीव्ही सेवेसाठी कधीकाळी लावलेले दोन-तीन तोंडांचे स्प्लिटर टीव्हीमागे किंवा माळ्यावर पडलेले असतात. फॉक्सटेलची केबल सेवा २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे हे स्प्लिटर आता नुसता सिग्नल खातात. बॉक्सपाशी दिसणारा स्प्लिटर काढून केबल थेट जोडून बघा. भिंतीतला किंवा माळ्यावरचा असेल तर तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या.

संध्याकाळीच वेग पडतोय आणि दिवे सगळे नीट, तर तुमच्या घरात दोष नाही. एकतर टप्पा भरलाय किंवा कंपनीने कमी क्षमता विकत घेतलीय. दुसरं कारण असेल तर कंपनी बदलून फरक पडतो, अशी ही थोड्यांपैकी एक वेळ.

तांब्याच्या घरात

एफटीटीएनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ घराच्या आतच सापडतं. जुन्या घरात स्वयंपाकघर, हॉल, बेडरूम अशी तीनचार फोन सॉकेट एकाच जोडीला फांद्यांसारखी जोडलेली असतात. व्हीडीएसएलचा सिग्नल प्रत्येक मोकळ्या फांदीच्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलला खोडतो. ही जादा सॉकेट तोडून एकच ठेवली तर वेग आणि स्थैर्य दोन्ही सुधारतं. पण भिंतीतल्या तारांना हात लावायची कायद्याने परवानगी फक्त नोंदणीकृत केबलरला आहे. त्याचा खर्च घरमालकाने द्यावा असा आग्रह एजंटकडे धरा, तारा त्याच्या भिंतीतल्या आहेत.

स्वतः करण्यासारखं हे: मॉडेम पहिल्या सॉकेटला लावा, म्हणजे बाहेरची तार जिथे घरात पहिल्यांदा येते तिथे. बाकी सगळ्या सॉकेटमधला फोन, फॅक्स, जुना मॉडेम काढून टाका. एडीएसएलच्या काळातला पांढरा फिल्टर मध्ये राहिला असेल तर तो आधी काढा. त्या फिल्टरच्या 'फोन' पोर्टमधून फक्त आवाजाचा सिग्नल जातो, मॉडेम त्यात खोचला तर लाइन कधीच लागत नाही, आणि माणूस आठवडाभर कंपनीला शिव्या देत बसतो. घरात जुन्या धाटणीचा चोर-अलार्म फोन लाइनवर असेल तर तोही मध्ये येतो, तो केबलरला दाखवा.

मग मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे बघा. 'अटेनेबल रेट' म्हणजे लाइन जास्तीत जास्त किती देऊ शकते. 'एसएनआर मार्जिन' म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे. मार्जिन सहा डेसिबलच्या आसपास असेल तर चालतं. ते संध्याकाळी दोनतीनवर घसरत असेल तर लाइन तुटणारच. अशा वेळी लाइन 'स्टेबल प्रोफाइल'वर टाकून मिळते. वेग थोडा उतरतो, पण तुटणं थांबतं, आणि घरून काम करणाऱ्याला ४० चा न तुटणारा वेग ५५ च्या तुटक वेगापेक्षा बरा.

एफटीटीसीच्या छोट्या बॉक्सची एक खोड माहीत असलेली बरी. पिटमधल्या यंत्राला वीज तुमच्या घरातून, याच बॉक्समधून उलट जाते. बॉक्सची वीज काढली की तुमची लाइनही झोपते. शिवाय विजांच्या वादळात फोनच्या तारेतून आलेला झटका हा बॉक्स जाळतो. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये असे बॉक्स मोठ्या संख्येने जळाले. गडगडाट सुरू झाला की भिंतीतली फोनची वायर आणि वीज दोन्ही काढा. बॉक्स गेलाच तर तो एनबीएनचा असल्याने कंपनीमार्फत बदलून मिळतो.

तक्रार कशी करायची

तक्रारीआधी पुरावा तयार करा. लॅपटॉप इथरनेट केबलने राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या: एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला, सलग तीन दिवस. वेग बरोबर ९४ च्या आसपास अडकत असेल आणि प्लॅन त्याहून वरचा असेल तर दोष लाइनचा नाही. तुमची केबल किंवा राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. कॅट-५ई किंवा वरची केबल आणि गिगाबिट पोर्टचा राउटर आणा. लाइन तुटत असेल तर तुटण्याच्या वेळा आणि त्या क्षणी बॉक्सवरचे दिवे यांची नोंद ठेवा. फोटो काढलात तर उत्तम.

एनबीएनला थेट फोन करून उपयोग नाही. तक्रार तुमच्या कंपनीकडेच, आणि तिचा नंबर मागून घ्या. तंत्रज्ञ आला आणि दोष तुमच्या उपकरणात निघाला तर त्याच्या फेरीचे पैसे आकारले जाऊ शकतात, म्हणून वरच्या चाचण्या आधी. कंपनी दाद देत नसेल तर टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री ओम्बुड्समन या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. तिथे प्रकरण गेलं की कंपनीतली वेगळी टीम फोन करते आणि कामाला वेग येतो, हे नवलाचं पण खरं.

फायबरचा फुकट अपग्रेड

एफटीटीएन आणि एफटीटीसीच्या पुष्कळ पत्त्यांना एनबीएन फायबर ओढून देतं. अट अशी की ठराविक वरच्या वेगाचा प्लॅन घ्यायचा. साधी जोडणी असेल तर कामाचे पैसे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या सुमारे ६ लाख २२ हजार एफटीटीएन घरांसाठीही २०३० च्या अखेरपर्यंतचा कार्यक्रम जाहीर झाला. एचएफसीची घरं या योजनेत सहसा येत नाहीत.

भाडेकरूला घरमालकाची परवानगी लागते. एजंटला तोंडी विचाराल तर महिनाभर उत्तर येणार नाही. ईमेल लिहा आणि त्यात तीन गोष्टी घाला: खर्च शून्य, भिंतीला एक छोटं छिद्र, आणि बॉक्स कुठे बसेल त्याचा फोटो. घराची किंमत वाढते हेही लिहायला हरकत नाही. बॉक्सची जागा तंत्रज्ञावर सोडू नका, तो सगळ्यात सोपी भिंत पकडतो. घराच्या मध्याजवळची, प्लगपॉइंटपासून दीड मीटरच्या आतली आणि उन्हात न येणारी आतली भिंत आधीच ठरवून ठेवा. फायबर बसल्यावर राउटरची केबल बॉक्सवरच्या कंपनीने सांगितलेल्या पोर्टलाच लावा. जुन्या बॉक्सवर चार डेटा पोर्ट असतात आणि आधीच्या भाडेकरूचं खातं बंद झालेलं नसेल तर तुम्हाला दुसरा पोर्ट मिळालेला असतो. पहिल्यात खोचून 'नेट येत नाही' म्हणणारे रोज भेटतात.

तार टाळायची असेल तर

एफटीटीएनची लांब तार, वर्षभराची लीज आणि घरमालक हलत नाही, अशा वेळी फाइव्ह-जी होम इंटरनेट हा खरा पर्याय आहे. आधी त्याच कंपनीचं महिन्याचं सिम फोनमध्ये टाकून, ज्या खिडकीत मॉडेम ठेवणार तिथेच रात्री नऊला टेस्ट घ्या. दुपारच्या आकड्यावर जाऊ नका, टॉवरही शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यायचाच असतो. त्यातही सीजीनॅट बहुधा असतंच.

घर सोडताना

एनबीएनचा बॉक्स आणि त्याची वीजेची वायर घरातच ठेवायची, कारण तो त्या पत्त्याशी बांधलेला असतो. सामान भरताना तो चुकून खोक्यात गेला तर नव्या घरी काहीच कामाचा नाही, आणि जुन्या घरी येणाऱ्याला नवा बॉक्स येईपर्यंत नेट नाही. राउटर मात्र तुमचा, किंवा कंपनीचा असेल तर परत पाठवायचा. जुन्या पत्त्यावरची सेवा बंद करायची तारीख कंपनीला लेखी कळवा आणि नव्या पत्त्यावर काय तंत्रज्ञान आहे ते बघितल्याशिवाय 'प्लॅन हलवा' म्हणू नका. जुन्या घरातला ५०० चा प्लॅन एफटीटीएनच्या घरात हलत नाही, नवाच घ्यावा लागतो.